युरोपीय लढाऊ विमानांची रचनातत्त्वे

युरोपीय लढाऊ विमानांची रचनातत्त्वे म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, फ्रान्स, स्वीडन, जर्मनी, इटली इत्यादी देशांनी आपापल्या लढाऊ विमानांच्या आराखड्यामागे ठेवलेले विचार आणि त्या विमानांकडून अपेक्षित असलेली कामगिरी. युरोफायटर टायफून, दासो राफाल आणि साब ग्रिपेन ही या परंपरेतील आजची तीन प्रमुख विमाने आहेत. तिन्ही विमानांचे मुख्य पंख त्रिकोणी आहेत, तिन्हींना पुढच्या बाजूस कॅनार्ड नावाचे छोटे पंख आहेत आणि तिन्ही विमाने संगणकाच्या साहाय्याशिवाय हवेत स्थिर राहू शकत नाहीत. हे बाह्य साम्य पुष्कळदा दिशाभूल करते. तिन्ही विमाने वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून तयार झाली. ब्रिटन-जर्मनीचा प्रश्न सोव्हिएत विमानांना उंचावर गाठण्याचा होता, फ्रान्सचा प्रश्न कोणावरही अवलंबून न राहता सर्व कामे एकाच विमानाकडून करून घेण्याचा होता, तर स्वीडनचा प्रश्न हवाई तळ उद्ध्वस्त झाल्यावरही लढत राहण्याचा होता.

पार्श्वभूमी

१९५० च्या दशकात युरोपातील विमानरचनाकारांपुढे मुख्य धोका अण्वस्त्रे घेऊन उंचावरून येणाऱ्या सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांचा होता. इशारा मिळाल्यापासून हल्ला होईपर्यंतचा अवधी काही मिनिटांचाच असे. त्यामुळे झपाट्याने उंची गाठणे आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणे या दोन गुणांसाठी बाकी सारे सोडून देण्याची तयारी होती. ब्रिटनचे इंग्लिश इलेक्ट्रिक लाइटनिंग हे या विचाराचे टोकाचे उदाहरण आहे. त्याची दोन इंजिने एकावर एक अशी बसवलेली होती आणि चढाईचा वेग अचाट होता. मात्र इंधन इतके अपुरे होते की वैमानिकाचे लक्ष शत्रूइतकेच इंधनमापकावरही राहत असे. ब्रिटिश अण्वस्त्रवाहू बॉम्बफेकी विमानांच्या तळांचे रक्षण हे त्याचे मूळ काम असल्याने तळापासून फार दूर जाण्याची अपेक्षाच नव्हती. १९५७ साली संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेने वैमानिक असलेल्या लढाऊ विमानांचे युग संपत आल्याचे गृहीत धरून अनेक प्रकल्प रद्द केले. लाइटनिंग वाचले, कारण त्याचे काम फार पुढे गेले होते.

त्याच काळात फ्रान्सने मिराज ३ तयार केले. १७ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रथम उडालेल्या या विमानाने १९५८ साली सरळ उड्डाणात ध्वनीच्या दुप्पट वेग ओलांडला. असे करणारे ते पहिले युरोपीय विमान होते. शेपटीचे आडवे पंख नसलेली त्रिकोणी पंखांची रचना साधी, हलकी आणि आत इंधनासाठी भरपूर जागा असलेली होती. तिचे दोषही ठळक होते: उतरताना वेग जास्त ठेवावा लागे, धावपट्टी लांब लागे आणि जोरकस वळणात वेग झपाट्याने घटे. म्हणून दासो कंपनीने पुढच्या मिराज एफ-१ मध्ये नेहमीचे पंख व शेपटी स्वीकारली. मिराज २००० मध्ये (पहिले उड्डाण १० मार्च १९७८) विद्युत संकेतांवर चालणारी नियंत्रणप्रणाली उपलब्ध झाल्यावर ती पुन्हा त्रिकोणी पंखाकडे वळली. विमान मुद्दाम अस्थिर ठेवून संगणकाने सावरायचे, या कल्पनेमुळे जुने दोष बरेच सौम्य झाले.

जड आणि महागड्या विमानांविरुद्ध बंडही झाले. लाइटनिंगच्या आराखड्याची सुरुवात करणारे डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी इंग्लिश इलेक्ट्रिक सोडल्यानंतर फॉलंड कंपनीत नॅट हे अगदी छोटे लढाऊ विमान बनवले. स्वस्त आणि संख्येने पुष्कळ विमाने थोड्या गुंतागुंतीच्या विमानांपेक्षा उपयोगी, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटिश हवाई दलाने नॅटचा उपयोग प्रामुख्याने प्रशिक्षणासाठी केला. लढाऊ विमान म्हणून त्याचे चीज झाले ते भारतात. नाटोने हलक्या लढाऊ विमानासाठी घेतलेल्या स्पर्धेत इटलीचे फियाट जी-९१ निवडले गेले, पण फ्रान्स आणि ब्रिटनने ते घेतले नाही. सर्वांनी मिळून एकच विमान वापरण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न असा अर्धवट राहिला.

विमान आणि काम यांचा मेळ बसला नाही तर काय होते, याचा धडा पश्चिम जर्मनीने घेतला. उंचावरून वेगाने झेपावण्यासाठी बनवलेले अमेरिकी एफ-१०४ स्टारफायटर तिने जमिनीलगतच्या हल्ल्यासाठी व अण्वस्त्रवहनासाठी वापरले. युरोपातील ढगाळ हवामान, आखूड पंख, वाढवलेले वजन आणि घाईने तयार केलेले वैमानिक व तंत्रज्ञ या सर्वांचा परिणाम म्हणून ९१६ विमानांपैकी २९२ विमाने नष्ट झाली आणि ११६ वैमानिक मृत्युमुखी पडले. पुढील प्रत्येक जर्मन निर्णयावर या आकड्यांची छाया राहिली.

धावपट्टीचा प्रश्न

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलने इजिप्तची विमाने पहिल्या काही तासांतच जमिनीवर नष्ट केली. हल्ल्यात फ्रेंच बनावटीची मिराज ३ विमाने होती. विमान कितीही उत्तम असले तरी त्याची धावपट्टी कोठे आहे हे शत्रूला ठाऊक असते, ही जुनी शंका त्यामुळे खरी ठरली.

ब्रिटनचे उत्तर हॅरियर हे होते. पेगासस इंजिनाच्या चार फिरत्या नळ्यांतून निघणारा झोत खाली वळवून हे विमान जागच्या जागी वर उठू शकत असे. १९६९ पासून सेवेत आलेली ही विमाने युद्धकाळात जंगलातील मोकळ्या जागांवरून वापरण्याची योजना होती. किंमत मोजावी लागली ती वेग, पल्ला आणि भारवहन या तिन्ही बाबतींत. जमिनीवरील हल्ल्यासाठी आखलेल्या या विमानाची नौदल आवृत्ती, सी हॅरियर, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे हवाई छत्र ठरली. त्या युद्धात एकही सी हॅरियर हवाई लढतीत गमावले गेले नाही.

स्वीडनने याच प्रश्नाचा विचार अधिक सर्वांगीण रीतीने केला. तटस्थ असल्याने युद्धात मदतीला कोणी येईलच याची खात्री नव्हती. म्हणून महामार्गांचे सरळ तुकडे धावपट्ट्या म्हणून आखले गेले, विमाने डोंगरात कोरलेल्या निवाऱ्यांत ठेवली गेली आणि देखभाल सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुणांना जमेल इतकी सोपी करण्यात आली. १९६७ मध्ये प्रथम उडालेले साब ३७ व्हिगेन या व्यवस्थेसाठीच घडवले होते. कॅनार्डमुळे त्याला कमी वेगातही पुरेसा उठाव मिळे, उतरताच इंजिनाचा झोत उलट दिशेने वळवून ते सुमारे ५०० मीटरमध्ये थांबू शके आणि निवाऱ्यात मावावे म्हणून त्याची उभी शेपटी दुमडता येई. विमान आणि तळ हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत, असे मानून केलेली इतकी सुसंगत रचना युरोपात दुसरी क्वचितच आढळते.

एक उणीव मात्र राहिली. व्हिगेनचे इंजिन स्वीडनमध्ये बनत असले तरी मूळ अमेरिकी नागरी विमानाच्या इंजिनावर आधारित होते. १९७८ साली भारताला व्हिगेन विकण्याची शक्यता असताना अमेरिकेने त्या इंजिनासाठी परवानगी नाकारली आणि भारताने जॅग्वार निवडले.

भागीदारीतील विमाने

वाढत्या खर्चामुळे १९६० च्या दशकापासून संयुक्त प्रकल्प सुरू झाले. ब्रिटन-फ्रान्सचे जॅग्वार हे मुळात प्रशिक्षण विमान व्हायचे होते. आराखडा पुढे सरकत गेला तसे ते इतके महाग व सक्षम झाले की दोन्ही देशांनी ते मुख्यतः जमिनीवरील हल्ल्यासाठी वापरले, आणि प्रशिक्षणासाठी ब्रिटनने हॉक तर फ्रान्सने अल्फा जेट ही वेगळी विमाने घेतली. त्याची नौदल आवृत्ती फ्रान्सने विमानवाहू नौकेवर तपासली, परंतु अखेर दासोचे सुपर एतांदार स्वीकारले. ब्रिटनबरोबरच्या दुसऱ्या एका, पंखांचा कोन बदलणाऱ्या विमानाच्या प्रकल्पातून फ्रान्स १९६७ मध्ये बाहेर पडला होता. १९८५ मध्ये जे घडले त्याची ही पूर्वसूचनाच म्हणता येईल.

फ्रान्सशिवाय ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटली यांनी बनवलेले टॉर्नेडो १४ ऑगस्ट १९७४ रोजी उडाले. रात्री, वाईट हवामानात, जमिनीला लगटून शत्रूच्या रडारखालून आत शिरणे हे त्याचे काम होते. पंख मागे घेतले की खालच्या दाट हवेतही ते स्थिरपणे वेगाने जाई, पुढे केले की आखूड धावपट्टीवर उतरे. ब्रिटनने याच विमानापासून हवाई संरक्षणाची लांबट आवृत्ती बनवली. उत्तर समुद्र व अटलांटिकवर तासन्‌तास गस्त घालून सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने दुरून टिपणे यासाठी ती योग्य होती. पण चपळ विमानाशी समोरासमोर झुंजण्याची तिची क्षमता बेताची होती. मिग-२९ आणि सुखोई-२७ ही नवी सोव्हिएत विमाने येऊ लागल्यावर ही उणीव ब्रिटन व जर्मनी दोघांनाही जाणवू लागली.

१९८५ चे विभाजन

१९८३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि स्पेन यांनी भावी युरोपीय लढाऊ विमानाचा प्रकल्प हाती घेतला. दोन इंजिने, त्रिकोणी पंख आणि कॅनार्ड याबाबत फारसा वाद नव्हता. वाद होता वजनाचा, इंजिनाचा आणि नेतृत्वाचा.

फ्रान्सला विमान विमानवाहू नौकेवरून उडवायचे होते. त्या काळच्या फॉश व क्लेमांसो या फ्रेंच नौका मध्यम आकाराच्या होत्या, त्यामुळे वजनावर आपोआप मर्यादा येत होती. ब्रिटनकडे तेव्हा कॅटापल्ट असलेली विमानवाहू नौका उरली नव्हती आणि जर्मनीला तिची गरज नव्हती. त्यांना अधिक इंधन, मोठे रडार व अधिक जोराची इंजिने असलेले जड विमान हवे होते. इंजिन कोणाचे, हा प्रश्नही तितकाच नाजूक होता. फ्रान्सला आपले एम-८८ इंजिन पुढे न्यायचे होते, तर ब्रिटनला रोल्स-रॉइसच्या अनुभवावर आधारलेले नवे इंजिन हवे होते. शिवाय आराखड्याचे नेतृत्व दासोकडे असावे असा फ्रान्सचा आग्रह होता. विमान कोठे कोठे विकता येईल यावर भागीदारांचा नकाराधिकार राहू नये, हाही फ्रान्सच्या दृष्टीने कळीचा मुद्दा होता. फ्रेंच विमानउद्योग निर्यातीवर जगत होता.

ऑगस्ट १९८५ मध्ये तुरिन येथील बैठकीत ब्रिटन, पश्चिम जर्मनी व इटली यांनी फ्रान्सशिवाय पुढे जाण्याचे ठरवले आणि पुढच्याच महिन्यात स्पेन त्यांना मिळाला. फ्रान्सचे प्रायोगिक राफाल ४ जुलै १९८६ रोजी उडाले आणि ब्रिटिश प्रायोगिक विमान ईएपी ८ ऑगस्ट १९८६ रोजी. एकाच कल्पनेच्या दोन आवृत्त्या पाच आठवड्यांच्या अंतराने आकाशात आल्या. या फुटीकडे सामान्यतः अहंकाराची लढाई म्हणून पाहिले जाते. तो भाग होताच, परंतु विमानवाहू नौका आणि अण्वस्त्रे या दोन फ्रेंच गरजा खऱ्या होत्या आणि त्या भागीदारांच्या गरजांत बसत नव्हत्या.

तीन विमाने, तीन भूमिका

युरोफायटर टायफून

टायफूनचा पाया हवाई वर्चस्व हा आहे. त्याची दोन ईजे-२०० इंजिने आफ्टरबर्नरसह प्रत्येकी सुमारे ९० किलोन्यूटन जोर देतात. पंखांचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर आहे आणि कॅनार्ड वैमानिकाच्या बैठकीच्याही पुढे, मुख्य पंखापासून लांब आहेत. लांब तरफेप्रमाणे काम करणाऱ्या या कॅनार्डमुळे ध्वनीपेक्षा जास्त वेगातही नाक चटकन वळवता येते. उंच चढून, वेग घेऊन, क्षेपणास्त्राला आपला वेग व उंची बहाल करून ते सोडायचे, अशी त्याची लढण्याची पद्धत आहे.

राजकीयदृष्ट्या ते समितीचे अपत्य होय. काम सुरुवातीला ब्रिटन ३३, जर्मनी ३३, इटली २१ आणि स्पेन १३ टक्के असे वाटले गेले आणि अंतिम जोडणीही चार देशांत स्वतंत्रपणे होऊ लागली. शीतयुद्ध संपल्यावर, एकीकरणाच्या खर्चाने वाकलेल्या जर्मनीने १९९२ मध्ये प्रकल्पातून अंग काढण्याची भाषा सुरू केली. पहिले उड्डाण २७ मार्च १९९४ रोजी झाले. तोवर ज्या शत्रूसाठी ते आखले गेले तो सोव्हिएत संघच उरला नव्हता.

दासो राफाल

राफालसाठी दासो कंपनी 'सर्वभूमिका' या अर्थाचा शब्द वापरते. जाहिरातीचा भाग वगळला तरी तो आराखड्याचे वर्णन बरोबर करतो. फ्रान्सला सात प्रकारच्या जुन्या विमानांची जागा एकाच विमानाने भरून काढायची होती: हवाई संरक्षण, जमिनीवरील हल्ला, टेहळणी, जहाजविरोधी हल्ला आणि अण्वस्त्रवहन, तेही हवाई दल व नौदल दोघांसाठी. रिकामे असताना सुमारे १० टनांचे हे विमान साडेनऊ टन बाह्य भार उचलू शकते. त्याचे कॅनार्ड मुख्य पंखाच्या अगदी जवळ व किंचित वर आहेत. त्यांच्यामागे निर्माण होणारे हवेचे भोवरे पंखावरील प्रवाह टिकवून धरतात आणि कमी वेगात उठाव वाढवतात. नौकेच्या आखूड पट्टीवर उतरताना आणि जड बॉम्ब घेऊन उडताना हा गुण मोलाचा ठरतो. त्याची एम-८८ इंजिने टायफूनच्या इंजिनांपेक्षा लहान, प्रत्येकी सुमारे ७५ किलोन्यूटनची आहेत आणि उंचावरील चढाईत त्याची उणीव जाणवते. नौदल आवृत्ती हवाई दलाच्या आवृत्तीपेक्षा सुमारे ५०० किलो जड आहे. पंख मात्र दुमडत नाहीत, कारण ती यंत्रणा आणखी वजन वाढवणारी होती.

सर्व भूमिका एकदम आल्या नाहीत. फ्रेंच नौदलाची क्रुसेडर विमाने १९९९ मध्ये निवृत्त झाल्याने सर्वप्रथम नौदलाला मिळालेली राफाल केवळ हवाई लढतीपुरती सक्षम होती. जमिनीवरील हल्ला व अण्वस्त्रे पुढील आवृत्त्यांत आली. विमान, इंजिन, रडार आणि बहुतांश शस्त्रे फ्रेंच असल्याने वापर व विक्री यांबाबत फ्रान्सला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. हे स्वातंत्र्य महाग आहे: संपूर्ण विकासखर्च एका देशाने उचलला आणि २०१५ पर्यंत निर्यातीचा एकही करार हाती नव्हता.

साब ग्रिपेन

स्वीडनने १९८२ मध्ये ग्रिपेनचा मार्ग धरला तेव्हा प्रश्न थेट पैशाचा होता. व्हिगेनच्या हल्ला, टेहळणी आणि हवाई संरक्षण अशा वेगळ्या आवृत्त्या होत्या. आता ती तिन्ही कामे एकाच, एका इंजिनाच्या, छोट्या विमानाने करायची होती. स्वीडिश भाषेतील या तीन कामांची आद्याक्षरे म्हणजेच विमानाच्या नावातील 'जेएएस'. रिकाम्या विमानाचे वजन सात टनांहून कमी होते. सुमारे ८०० मीटरच्या रस्त्यावरून ते उडू शकते. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि पाच सक्तीच्या सेवेतील सैनिक यांनी दहा मिनिटांत इंधन व हवाई लढतीची क्षेपणास्त्रे भरून ते पुन्हा उडवावे, अशी अट होती. वेगाचा वा भाराचा आकडा नव्हे, तर हा दहा मिनिटांचा आकडा ग्रिपेनच्या रचनेचा खरा गाभा आहे.

अस्थिर विमान संगणकाने सावरण्याची किंमतही याच विमानाने उघडपणे मोजली. पहिले प्रायोगिक विमान फेब्रुवारी १९८९ मध्ये उतरताना कोसळले. ८ ऑगस्ट १९९३ रोजी दुसरे विमान स्टॉकहोममधील जलमहोत्सवाच्या गर्दीसमोर नियंत्रणाबाहेर गेले व लांगहोल्मेन बेटावर पडले. वैमानिकाच्या जलद हालचाली आणि संगणकाचा प्रतिसाद यांचा ताळ सुटल्याने दोन्ही दुर्घटना घडल्या. दोन्ही वेळा वैमानिक बचावले आणि जमिनीवरही प्राणहानी झाली नाही. त्यानंतर नियंत्रणप्रणालीत सुधारणा करण्यात आल्या.

प्रत्यक्ष वापरातील बदल

२०११ च्या लिबिया मोहिमेने तिन्ही विमानांना एकाच आकाशात आणले. १९ मार्च रोजी बेनगाझीजवळील पहिले हल्ले फ्रेंच राफालनी केले. ब्रिटिश टायफूनला जमिनीवरील लक्ष्यांवर बॉम्ब टाकण्याची क्षमता तेव्हा नुकतीच मिळाली होती आणि सोबतीला अनुभवी टॉर्नेडोंची मदत घ्यावी लागली. स्वीडनच्या ग्रिपेनवर टेहळणी सोपवली होती. तिन्ही देशांनी तीस वर्षांपूर्वी ज्या प्राधान्यक्रमाने विमाने मागवली, जवळपास त्याच क्रमाने ती तयार निघाली. टॉर्नेडोची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे टायफूनवर बसवण्याचे काम पूर्ण झाल्यावरच ब्रिटनने मार्च २०१९ मध्ये टॉर्नेडो निवृत्त केले.

मूळ भूमिका किती चिवट असते हे जर्मनीच्या निर्णयातून दिसते. नाटोच्या व्यवस्थेत जर्मन टॉर्नेडोंवर अमेरिकी अणुबॉम्ब वाहण्याची जबाबदारी आहे. टायफून त्यासाठी प्रमाणित नसल्याने जर्मनीने २०२२ मध्ये अमेरिकी एफ-३५ विमाने घेण्याचे ठरवले. फ्रान्समध्ये तेच काम राफाल स्वदेशी क्षेपणास्त्राने करते. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रिया आपल्या १५ टायफूनचा उपयोग केवळ स्वतःच्या आकाशाच्या राखणीसाठी करतो. दूरवरच्या हवाई लढतीसाठीचे मेटिऑर क्षेपणास्त्र मात्र आज तिन्ही विमानांवर आहे. विमान एकत्र बनवता आले नाही तरी शस्त्र एकत्र बनवता आले.

भारताशी संबंध

नॅट, जॅग्वार, सी हॅरियर, मिराज २००० आणि राफाल अशी युरोपीय विमाने भारताने वेगवेगळ्या भूमिकांसाठी वापरली आहेत. सी हॅरियर विमाने १९८३ पासून मे २०१६ पर्यंत गोव्यातील आयएनएस हंसा या नौदल तळावर होती. जॅग्वार जगात इतरत्र निवृत्त झाले असले तरी भारतात सेवेत आहे.

२००७ मध्ये भारताने १२६ मध्यम लढाऊ विमानांसाठी निविदा काढली. टायफून, राफाल आणि ग्रिपेन यांची दोन अमेरिकी व एका रशियन विमानाबरोबर लेहच्या उंचीसह विविध हवामानांत चाचणी झाली. एप्रिल २०११ मध्ये टायफून व राफाल उरले आणि जानेवारी २०१२ मध्ये राफालची निवड झाली. दीर्घकाळ रेंगाळलेल्या वाटाघाटींनंतर तो व्यवहार सोडून देण्यात आला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा थेट करार झाला. पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाला येथे उतरली.

नौदलासाठी वेगळाच प्रश्न होता. राफालची नौदल आवृत्ती कॅटापल्टने फेकली जाण्यासाठी बनवलेली आहे, तर भारताच्या विमानवाहू नौकांवर पुढे उंचावलेला उताराचा मंच आहे. जानेवारी २०२२ मध्ये आयएनएस हंसा येथे जमिनीवर उभारलेल्या अशा मंचावरून राफालच्या चाचण्या घेण्यात आल्या. एप्रिल २०२५ मध्ये २६ विमानांचा करार झाला. त्यांपैकी चार दोन आसनी असून ती नौकेवरून उडण्यासाठी नाहीत.

पुढील पिढी

फ्रान्स व जर्मनी यांनी २०१७ मध्ये नव्या संयुक्त लढाऊ प्रणालीची घोषणा केली आणि नंतर स्पेन त्यात सामील झाला. नवे विमान विमानवाहू नौकेवरून उडावे व अण्वस्त्र वाहून न्यावे, ही फ्रान्सची अट आजही आहे आणि नेतृत्व व कामाची वाटणी यांवरून दासो व एअरबस यांच्यात वारंवार खटके उडाले आहेत. ब्रिटन व इटली यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जपानसह वेगळा प्रकल्प जाहीर केला. त्यांचे विमान २०३५ पर्यंत सेवेत आणण्याचे उद्दिष्ट आहे.